हुसेनभाईंचं वंगण

हुसेनभाई भर रस्त्यात परक्या माणसाची गाडी अडवत, वाकून चाकाच्या मधल्या तुंब्यात, आस फिरतो त्या भोकात, बोट घालत, ते बोट नाकाशी नेऊन हुंगत आणि मग गाडीवानाकडे अशा नजरेनं बघत, जणू त्याच्या घरी कुणी दगावलंय.

"पावणं, हे वंगण कवाचं?"

"घातलं व्हतं की संक्रांतीला."

"मग आता ते वंगण न्हाई ऱ्हायलं. माती फिरतीया ती, माती!"

जुन्नरच्या बाजारात हे दर आठवड्याला चाले. काही गाडीवान हसत, काही शिव्या घालत. मढच्या बाजूचा एक जण तर चाबूक घेऊन अंगावर धावून आला होता. हुसेनभाई पळाले नाहीत. बोटावरचा काळा गोळा त्यांनी त्याच्याच तळहातावर पुसला आणि म्हणाले, "चोळून बघ. खर लागती का न्हाई?" त्यानं चोळून बघितलं. वाळूसारखी बारीक खर लागली. चाबूक खाली गेला आणि तो माणूस तासभर तिथंच बसून वंगणावरचं प्रवचन ऐकत राहिला. एकदा तावडीत सापडलेल्याला हुसेनभाई सहजी सोडत नसत.

मी जातीचा कासार. काचेच्या बांगड्या घेऊन घोडेगाव, ओतूर, मढ अशा बाजारांना जायचं, तर गाडी भाड्यानं घ्यावी लागे. हुसेनभाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. घरात ते आणि गोठ्यात दोन बैल, एवढंच त्यांचं बिऱ्हाड. शेजारी म्हणून त्यांची गाडी घ्यायची, आणि वाटभर वंगणपुराण ऐकायचं. बांगड्या मात्र फुटत नसत, हे मला कबूल करावंच लागेल. त्यांची गाडी चालली तरी चाललीय हे कानाला कळत नसे.

वंगण ते घरी करत. एरंडेलात जळक्या चिंध्यांची राख कालवायची आणि गाडीखाली टांगलेल्या वेळूच्या नळ्यात भरून ठेवायची. असं वंगण सगळेच करत. भांडण होतं ते वेगळ्याच गोष्टीवर. इतर लोक चाक कुरकुरलं की जुन्यावरच नवं थापून मोकळे होत. हुसेनभाईंना हे पाप वाटे. त्यांचा नेम असा: दर बाजाराला बोट घालून बघायचं, दर अवसेला चाक उतरवायचं. अवसेला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. बैलांना सुट्टी, म्हणून गाडीवानही देवळाच्या पारावर लोळत. हुसेनभाई मात्र त्या दिवशी चाकं काढून, जुनं वंगण खरवडून, आस पुसून लख्ख करत. "अन् घाट आडवा आला तर अवस बघायची न्हाई," ते बजावत. "चाक वाजल्यावर वंगण घालणारा गाडीवान म्हंजी मेल्यावर वैद्य आणणारा."

एवढा कडक माणूस, आणि त्यांचं स्वतःचं डावं चाक आमच्या गल्लीत शिरताना असं किंचाळे की कुत्री उठून बसत. रानोमाळ मुकी असणारी गाडी घराजवळ आली की रडू लागे. मी कितीदा चिडवलं, "हुसेनभाई, गावाच्या चाकांना औषध देता आणि घरचं आजारी?" ते ऐकू न आल्यासारखं करत आणि बैल सोडायला लागत.

आता माझ्या धाकट्या भावाचं, सदूचं लग्न. मुलगी आणे गावची, पठारावरची. मुहूर्त गोरजाचा, आणि तोही मोसमातला शेवटचा. पुढं आषाढ लागणार. हा मुहूर्त हुकला तर थेट दिवाळीनंतर. तेवढं थांबायला मुलीचा बाप तयार नव्हता. मोठा तापट गृहस्थ. बहिणीचा मुलगा त्याच्या डोळ्यासमोर होता आणि आम्हाला त्यानं तोंडावर सांगितलं होतं, "येळंवर आला तर पोरगी तुमची. न्हाई आला तर मांडव माझा अन् नवरा बी माझा." सदूनं मुलगी पाहिल्यापासून जेवणातलं लक्ष काढून घेतलं होतं. तेव्हा काय पणाला लागलं होतं ते सांगायला नको.

नवरदेवाची गाडी आमच्या मामांची. मामांची खिल्लारी जोडी तालुक्यात नावाजलेली आणि मामांची जीभ त्याहून. हुसेनभाईंच्या गाडीत भांडी आणि म्हाताऱ्या. आदल्या दिवशी निघून वाटेत आळे गावी नातलगांकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, मामांची वामकुक्षी झाली, आणि ऊन कलल्यावर निघायचं म्हणून बाहेर येतो तो काय, हुसेनभाईंनी दोन्ही चाकं उतरवून ठेवलेली! गाडी धोंड्यांवर टेकलेली, आणि हे मांडी घालून आस खरवडतायत.

"अहो, वऱ्हाड निघालंय!" मी ओरडलो.

"काल धुरळ्यातनं आलोय, भाऊ. म्होरं आण्याचा घाट हाय. मामा, तुमी बी चाकं काढा. मी हात लावतो."

मामा मिशीत हसले. "रात्रीच थापलंय वर ओंजळभर. हुसेन, तू बस खरवडत. आमी अक्षता टाकून पुन्हा तुला न्यायला येऊ!"

सगळं वऱ्हाड खो खो हसलं. मीही हसलो, आतून मात्र संतापलो होतो. आमची आत्या चाकं परत बसेपर्यंत झाडाखाली बसून हुसेनभाईंचा उद्धार करत होती. मामा सदूला घेऊन पुढं गेले. मला भांड्यांसाठी मागं थांबावं लागलं.

घाटाच्या अर्ध्यावर मामांची गाडी दिसली, पण त्याआधी तिचा वास आला. जळक्या लाकडाचा. रात्री थापलेलं तेल आतल्या धुळीत मुरलं होतं आणि त्या खरीनं दळून दळून तुंब्यातून धूर निघत होता. चाक आसावर असं आवळलं होतं की खिल्लारी जोडी घाम गाळून गुडघ्यावर आलेली. मामा चाकाला लाथा घालत होते. सदू मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत दगडावर बसून मावळतीकडे बघत होता. आमची गाडी अगदी पाठीशी येऊन उभी राहिली तरी मामांना पत्ता नाही.

"मामा," हुसेनभाई मऊपणे म्हणाले, "बसा. अक्षता टाकायला जाऊ."

त्यांनी एवढंच म्हटलं. एरवी तासभर बोलणाऱ्या माणसानं त्या दिवशी चक्क तोंड आवरलं, आणि मामांना तेच जास्त झोंबलं.

भांडी उतरवली. म्हाताऱ्या, आत्यासकट, पायी निघाल्या. सदू गाडीत बसला. मामांनी धोतर खोचलं आणि तालुक्यातला तो नावाजलेला माणूस हुसेनभाईंची गाडी मागून ढकलू लागला. मला आजही ते आठवलं की पोटभर हसू येतं. गाडी घाट चढली ती लोण्यातून सुरी गेल्यासारखी.

आण्याच्या शिवेवर मुलीकडची मंडळी वाजंत्र्यांसकट आमच्या स्वागताला थांबलेली होती. पण ती देवळाच्या भिंतीआड विड्या ओढत बसली होती. गाड्यांची कुरकुर ऐकू आली की उठायचं, अशी पठारावरची रीत. कुरकुर आलीच नाही. आम्ही त्यांच्या मागून सरळ मांडवापर्यंत गेलो! मांडवात मुलीचा बाप आभाळ बघून ओरडत होता, आणि त्याचा भाचा बिचारा नवं धोतर नेसून पाटाशेजारी तयार उभा होता.

"पावणं, नवरदेव उतरून घ्या!" हुसेनभाईंनी हाक दिली.

मुलीच्या बापानं मागं वळून बघितलं आणि ओरडणं सोडून तो सदूला उतरवायला धावला. शिवेवरचे वाजंत्री मंगलाष्टकं ऐकून धावत आले. गाईंच्या धुळीत, अगदी वेळेवर, अक्षता पडल्या. त्या रात्रीच्या पंगतीत सगळं आणं हुसेनभाईंच्या चाकात बोट घालून हुंगत होतं, आणि मामा सर्वांत पुढं.

परतताना नवी नवरी, मंजुळा, हुसेनभाईंच्याच गाडीत होती. संध्याकाळी जुन्नरजवळ कुकडी नदीचा उतार ओलांडल्यावर त्यांनी गाडी थांबवली. खाली उतरून कनवटीतून बाभळीच्या लाकडाची एक पातळ सुकी चिपळी काढली आणि डाव्या चाकाला आसावर अडवणाऱ्या खिळीपाशी खोचली. गाडी हलली आणि चाक किंचाळायला लागलं.

इतकी वर्षं मी त्यांच्या गाडीत बसलो, पण या ठिकाणी बहुधा पेंगत असे. नवरी जागी होती. लाजणं वगैरे पठारावरच्या पोरींना फारसं जमत नाही. "चाचा," तिनं पदराआडून विचारलं, "चांगल्या चाकाला रडवता कशापायी?"

हुसेनभाईंनी बैलांचा कासरा सैल सोडला. "आमची घरवाली, अमिना, म्हणायची, तुमची गाडी भुतावाणी येती, चुलीवर तवा ठेवायला बी सवड मिळत न्हाई. मग हितं चिपळी घालाया लागलो. आवाज घरी पोचला की ती भाकरी थापायची. घरी जाईस्तोवर गरम. प्लेगात गेली ती. आता कुणी ऐकत न्हाई, पन मुक्यानं घरी जाववत न्हाई, पोरी."

मी या चाकावरून त्यांना किती चिडवलं होतं!

पुढच्या बाजारी हुसेनभाई एकटेच ओतूरला गेले होते. तिन्हीसांजेला लांबून ते चाक ऐकू आलं. मंजुळा निवडणाचं सूप बाजूला ठेवून उठली आणि कुणाला न विचारता तिनं चुलीवर तवा चढवला. आई काही म्हणणार होती, मी हातानंच गप्प केलं. हुसेनभाई बैल बांधून हात धुतात तोवर तिनं परसातल्या बुटक्या भिंतीवरून ताटली पुढं केली. बाजरीची भाकरी, वर मिरचीचा ठेचा, आणि भाकरीतून अजून वाफ निघत होती.

हुसेनभाईंनी ओले हात सदऱ्याला पुसले.

"ऐकू आलं व्हय, पोरी?"

"आलं की, चाचा. पार नदीपासनं."


हुसेनभाईंनी ताटली दोन्ही हातांनी घेतली.