विल्फने उतरवलेलं पहिलं इंजिन

गॅरेज रिकामं करताना विल्फ ऑर्मरॉडला गवत कापायची तीन यंत्रं सापडली. त्यातलं एकही चालत नव्हतं. दारात उभा राहून चहा पिणाऱ्या त्याच्या मेहुण्याला, क्लाइव्हला, तेवढं निमित्त पुरलं.

"साधं गवताचं यंत्र दुरुस्त होत नाही, आणि म्हणे मोटार बांधणार."

मोटार मात्र खरंच बांधायची होती. कंपनीकडून सांगाडा आणि बाहेरचा साज आला होता. इंजिन, गिअरबॉक्स वगैरे एखाद्या जुन्या गाडीतून काढून त्यात बसवायचं, की झाली घरची स्पोर्ट्स कार तयार. चाळीस वर्षं पायी टपाल वाटलेल्या विल्फने निवृत्तीनंतर एवढी एकच हौस धरली होती. मोडीत निघालेली एक रुपेरी गाडीही त्याने ठरवून ठेवली होती. शनिवारी सकाळी ती दारात सोडतो आणि किल्ली फुलाच्या कुंडीखाली ठेवतो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

"मी उद्या स्पेनला चाललोय," क्लाइव्ह म्हणाला. "दोन आठवड्यांनी येईन. तोवर तू इंजिन बाहेर काढलंस, तर क्लबात सगळ्यांसमोर तुला मिस्त्री म्हणेन. नाहीतर हा सांगाडा विकायचा आणि डोरीनला तिचं गॅरेज परत द्यायचं. कबूल?"

"कबूल," विल्फ म्हणाला. डोरीननेही मान डोलावली. बायकोने मान डोलावली, म्हणजे आता माघार नाही.

शनिवारी विल्फ उठला तेव्हा डोरीन चर्चच्या जुन्या बाजाराला गेली होती. दारात रुपेरी गाडी उभी होती आणि कुंडीखाली किल्ली होती. त्याने गाडी गॅरेजात घेतली, बाह्या सरसावल्या आणि दुरुस्तीच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. अडलेले बोल्ट तेल पाजून सैल केले आणि प्रत्येक भाग आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठी लावून ठेवला. भंगाराच्या भावातली गाडी इतकी स्वच्छ कशी, असा विचार एकदा त्याच्या मनात आला. पण नशिबाने दिलेल्या मालाची फार चौकशी करू नये. पुढच्या कप्प्यात पेपरमिंटच्या गोळ्यांचा अर्धा डबा मिळाला, तोही त्याने दुपारपर्यंत संपवला. साडेतीनला इंजिन साखळीला लटकत होतं. विल्फच्या डोळ्यांत पाणी आलं.

चार वाजता मालवाहू ट्रक आला. त्यावर गंजलेली रुपेरी गाडी होती.

"उशीर झाला, माफ करा," ड्रायव्हर म्हणाला. "कुठं उतरवू?"

त्याच वेळी डोरीन घरी आली. तिने ट्रककडे पाहिलं, मग गॅरेजात पाहिलं.

"विल्फ, ती क्लाइव्हची गाडी आहे."

"क्लाइव्हची इथं कशी येईल?"

"विमानतळावर ठेवायचे पैसे वाचतील म्हणून आपल्या दारात ठेवून गेलाय, किल्ली कुंडीखाली. मी तुला गुरुवारी सांगितलं होतं. तू ते पुस्तक वाचत होतास आणि हं म्हणालास."

विल्फचं धाबं दणाणलं. क्लाइव्हची गाडी याच जातीची आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण गावात दर दहावी गाडी त्याच जातीची होती. जन्मभर घरांचे नंबर वाचलेल्या माणसाने गाडीचा नंबर वाचला नव्हता.

"फोन करून सांगूया?" त्याने विचारलं.

"सांग की. मग जन्मभर दर नाताळला टेबलावर तेच ऐक." डोरीनने अंगातला चांगला कोट काढून खुंटीला अडकवला. "दिवा कुठाय?"

पुढचे बारा दिवस दोघांनी दुसरं काही केलं नाही. काढणं सोपं होतं, बसवणं म्हणजे उलट्या क्रमाने स्वतःचे हाल. क्लच दोनदा वाकडा बसला. डोरीन गाडीखाली आडवी पडून दिवा धरायची आणि नवऱ्याला आणि भावाला आलटून पालटून शिव्या घालायची. गुरुवारी इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. तिने नवा पेपरमिंटचा डबा आणला, मोजून अर्ध्या गोळ्या काढल्या आणि गाडी दारात नेऊन उभी केली.

शनिवारी क्लाइव्ह आला, स्पेनच्या उन्हाने लालबुंद होऊन. गंजक्या गाडीच्या बॉनेटवर पक्ष्यांनी घाण करून ठेवली होती. त्याने बॉनेट उचललं. इंजिन जागच्या जागी होतं.

"विक सांगाडा," तो म्हणाला.

विल्फने डोरीनकडे पाहिलं. खरं बोलावं तर हा जन्मभर ऐकवणार, आणि गप्प बसावं तर मोटार गेली.

"इंजिन पहिल्याच दिवशी काढलं त्याने," डोरीन म्हणाली. "साडेतीनला. आणि परत बसवलं."

"बसवलं? कशाला?"

"मीच बसवायला लावलं. नुसतं काढता कुणालाही येईल. बसवताना दिवा मी धरला होता. हे बघ." तिने दोन्ही हात पुढे केले. नखं अजून काळी होती.

बहीण खोटं बोलत नाही, हे क्लाइव्हला लहानपणापासून माहीत होतं. त्याने ती नखं निरखून पाहिली.

"ठीक आहे. सांगतो क्लबात. पण वेडी आहात तुम्ही दोघं." तो आपल्या गाडीत बसला, एक गोळी तोंडात टाकली आणि किल्ली फिरवली. इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं. क्लाइव्हने काच खाली केली.

"ऐक जरा. आधी अशी कधी चालत नव्हती. दोन आठवडे कुणी हात लावला नाही ना, त्याचा गुण आहे हा. यंत्र उगाच उचकटू नये, विल्फ."

"खरंय," विल्फ म्हणाला.