टोपीने धरलेल्या जागेची बखर

"उचला ती टोपी, म्हातारबा, नायतर खिडकीतनं भायेर भिरकावीन! तिकीट टोपीनं काढलंय का माणसानं?"
"माणूस येतंय."
"कवा? गाडी घाटाला लागली, आता काय झाडावरनं टपकतंय का तुमचं माणूस?"

ऐसे शब्द लाल गाडीत, भर उन्हाचे, एका ढेरपोट्या गृहस्थाने आमचे आजोबा श्रीमंत थोरले आबा यांस लाविले, आणि आमचे माथे भडकले, आणि पुढे जे वर्तमान घडले ते लिहितो. कुळस्वामीस दंडवत, मग घाटातल्या म्हसोबास दंडवत, मग वळवाच्या ढगास लांबूनच दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख वद्य पक्ष, ऊन बहुत. राज्याचे नाव लिहीत नाही. घाटाच्या अलीकडे आबांची जुनी गादी, म्हणजे पत्र्याचे घर आणि दोन म्हशी, आणि पलीकडे जिल्ह्याच्या गावी थोरले चिरंजीव दिनकरकाका यांचे ठाणे, आणि मधे घाट, तो कोणाच्याच हुकमतीत नाही.

श्रीमंत आबांचा नित्यक्रम ऐसा, की पहाटे उठावे, अंगणात उभे राहून आभाळ बघावे, नाकाने वारा ओढावा, आणि मग चहा घ्यावा. गावच्या बायका कुरडया वाळत घालण्याआधी आबांस विचारून जात. आबा म्हणत, "घाला, पण चारच्या आत उचला," आणि चारनंतर थेंब पडतच. जिने ऐकले नाही तिच्या कुरडयांची खळ झाली. मात्र घाटाचे कोणी विचारले की आबा मान फिरवीत आणि म्हणत, "घाटाचं मला इचारू नका." राज्यात कुठे जावळ असो, साखरपुडा असो, दहावा असो, आबांची स्वारी जाणारच, आणि जाणार ती लाल गाडीनेच. गाडी थांब्यावर लागण्याआधीच आबा पळत सुटत, खिडकीतून डोक्यावरची पांढरी टोपी आत टाकीत, जागा धरीत, आणि मग वर चढून टोपीशेजारी बसत. टोपीची जागा रिकामीच राही. कोणी मागितली तर एकच उत्तर, माणूस येतंय. आम्ही शाळेची चाकरी सोडून रिकामेच होतो, सबब स्वारीबरोबर आमची नेमणूक. आमची आजी, म्हणजे मातुश्री आक्का, त्याही सोबत असत, पण आबांशेजारी कधी बसत नसत. मागच्या बाकावर, आमच्याजवळ. लहानपणी वाटे, दोघांचे भांडण आहे.

तर त्या दिवशी दिनकरकाकांच्या नव्या घराची वास्तुशांत, आणि आम्ही तिघे निघालो, आणि गाडी खच्चून भरली, आणि वर लिहिल्याप्रमाणे त्या ढेरपोट्याने टोपी उचलून आबांच्या मांडीवर टाकली आणि बूड टेकले. आम्ही उठून त्याच्या गचांडीस हात घालणार, तो आक्कांनी आमचा सदरा मागून धरला. आबा भांडले नाहीत. इतकेच बोलले, "बसा. पण मग वरचं ऐकायला लागंल." तो म्हणाला, "वरचं म्हंजी?"  गाडी पहिल्या वळणाला लागली आणि वारा पडला. झाडाचे पान हालेना. ऊन होते तसेच होते, फक्त पिवळे झाले, जसे ताप उतरताना माणसाचे तोंड होते. आणि मग टपावर, मागच्या अंगाला, पाऊल वाजले. ओले, अनवाणी. मग दुसरे. सावकाश, गाडी हलते म्हणून तोल सांभाळीत चालावे तसे, ते पुढे पुढे आले आणि बरोबर त्या गृहस्थाच्या डोक्यावर थांबले. कंडक्टर वर बघून म्हणाला, "माकड असंल." मग टकटक झाली. बोटाच्या पेराने, हळू, जसा कोणी परक्या घरी दार वाजवून येऊ का विचारतो. तो गृहस्थ हसला, आणि मग त्याने खांद्याला हात लावून बघितला, आणि खांदा ओला. वर गळती नाही, खिडकी बंद. तो उठला. पुढचा सगळा घाट दाराजवळ दांडी धरून उभा राहिला. आबांनी टोपी परत जागेवर ठेवली, आणि टपावर सामसूम झाली. आम्ही टोपीवरून नजर काढली नाही. वळणावळणाला सगळी गाडी एका अंगाला कलत होती, पिशव्या घसरत होत्या, टोपी तेवढी जागची हालली नाही.

काकांच्या घरी पोचलो तो वास्तुशांतीपेक्षा मोठा तमाशा तयार. गाडीतल्या कोणा उपटसुंभाने ते भांडण मोबाईलवर टिपून गावभर सोडले होते, आणि स्वारी पोचण्याआधीच आबा आणि टोपी काकांच्या फोनात येऊन बसले होते. पुरणपोळ्या झाल्या, कटाची आमटी झाली, आणि मग सगळ्या पाहुण्यांदेखत काकांनी दरबार भरवला.

"आबा, बास झालं आता. माझ्या ऑफिसात शिपायापासून सगळ्यांनी बघितलं ते. लाल गाडी बंद. कुठं जायचं तर मी गाडी काढीन, नायतर जायचं नाय."

"तुझ्या गाडीत जागा असती का?"

"आपल्यापुरती असती की."

"आपल्यापुरतीच?"

तेव्हा काकीसाहेबांचे बंधू बोलले, "टोपीला कुरिअरनं पाठवू, आबा, तुम्ही कशाला काळजी करताय!" आणि सगळे हसले, आणि आबाही हसले, पण हसताना त्यांनी टोपीवर तळवा ठेवला, जसा झोपलेल्या पोरावर ठेवतात. आमचे टाळके सटकले. ताट सरकवून उठलो आणि गॅलरीत गेलो, आणि मागोमाग आक्का आल्या.

"तुझं डोस्कं लई लवकर फिरतं रं."

"मग गप का बसलीस तू? कोण बसतं त्या जागेवर, सांग की एकदा."

आक्कांनी खाली रस्त्याकडे बघितले आणि मग सांगितले. "म्हादू. ह्यांचा धाकटा भाऊ. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. जत्रंची गाडी, पाय ठेवाय जागा नाय. हे पळत म्होरं गेले, टोपी टाकून दोन जागा धरल्या. म्हादू पिशव्या घिऊन मागनं येतोय, तवर एक लेकुरवाळी आली, म्हणली, दादा, बसू द्या. ह्यांनी दिली जागा. आणि म्हादूला म्हणाले, तू चढ वर टपावर, पोरगाच हायस. त्या वक्ताला टपावर बी माणसं बसायची. घाटात वळीव गाठला. गारा. पल्याड उतरून बघत्यात तर वर पिशव्या तेवढ्या."

"मग?"

"मग काय. दोर सोडून दरी हुडकली, पायातली चप्पल बी गावली नाय. तवापासनं हे जागा धरत्यात. ज्या येळंला धरली नाय, त्या येळंला तो वरनं आला."

"तू ऐकलंस?"

"माझ्या लग्नाच्या वरातीला. मी नवी नवरी, मला वाटलं ह्यांच्याकडचं कोणतरी वर नाचतंय." आणि आक्का हसल्या, आणि मग हसणे तोंडावर तसेच राहिले आणि डोळे पुन्हा रस्त्याकडे गेले. "त्या लेकुरवाळीला जागा दिली ते काय वाईट केलं का? पण ह्यांना ते पटत नाय."

दुसऱ्या दिवशी परत गावी निघताना काकांचा हुकूम अमलात आला. पांढरी नवी गाडी, सीटवरचे प्लास्टिक अजून काढलेले नाही. काका हाकणार, आबा शेजारी, मागे आक्का, काकीसाहेब आणि आम्ही, आणि पायाशी पुरणाचा डबा आणि आहेराची भांडी. आबांनी चढण्याआधी मागच्या सीटवर टोपी ठेवली. काकीसाहेबांनी ती उचलून पुढे दिली आणि म्हणाल्या, "डोक्यावर घाला की, आबा, उन्हाची." आबा काकांस म्हणाले, "दिनकर, लाल गाडीनं जाऊ या रं. अजून गाडी मिळंल." काका म्हणाले, "बसा, आबा." पुढे बसून आबांनी पट्टा लावला नाही तो गाडी पीं पीं ओरडू लागली, आणि काकांनी हात आडवा घालून पट्टा लावला, आणि ती गप झाली. काका म्हणाले, "बघा, सीटवर वजन पडलं की तिला कळतं. गाडी शहाणी आहे."

मग घाट लागला. पहिले वळण गेले आणि वारा पडला. आक्कांनी आमचा हात धरला. आभाळात एवढासा ढग नव्हता, आणि बघता बघता दरीतून वर चढत यावा तसा काळा ढग आला, आणि टपावर पाऊल वाजले. पातळ पत्रा तो, पाऊल पडले की आत दबे आणि उचलले की पॉक करून वर येई. काका म्हणाले, "गारा आहेत." काच कोरडी होती. मग पाऊल पुढे आले, आबांच्या डोक्यावर थांबले, आणि टकटक. काकांनी करकचून ब्रेक दाबला आणि खाली उतरले, आणि आम्हीही उतरलो. टपावर रस्त्याची धूळ बसलेली, आणि धुळीत मागून पुढे आलेली ओली पावले, लहान, पोरसवदा, आणि पुढच्या काचेच्या वरच्या कडेला बोटांची ओल, जसे वरून कोणी वाकून आत डोकावले असावे. काका बघत राहिले. आपल्या हाताने एक पाऊल पुसले. तिथे पुन्हा ओल आली.

तेव्हा आबांनी पट्टा सोडला आणि दार उघडून बाहेर आले. काका ओरडले, "आबा, आत बसा!"

"किती वर्सं त्यानं वर काढली, दिनकर. तू म्हणतोस गाडीत आपल्यापुरती जागा. मग माझी त्याला देतो."

"आबा, येड्यासारखं करू नका, हितं कोण नाय."

"नसंल तर बरंच की." आणि टोपी काढून सीटवर ठेवली, आणि दार धरून उभे राहिले, आणि वर बघून बोलले, "उतर, म्हाद्या. ही कुणाला द्यायची नाय आता. पिशव्या ऱ्हाऊ दे, त्या घेतो मी. सावकाश." आणि थांबले, जितका वेळ अवघडलेल्या माणसास उतरून आत बसायला लागतो तितका वेळ, आणि मग दार हळू लावले, कोणाची बोटे सापडू नयेत अशा बेताने. आणि गारा आल्या. लिंबाएवढ्या. काकांनी आम्हास आत ढकलले आणि स्वतः आत पडले, आणि दोघेही आबा आबा म्हणून ओरडत होतो, आणि काचेबाहेर पांढरे, दुसरे काही नाही. मग एकदम थांबले. आम्ही उडी मारून बाहेर गेलो. रस्ताभर गारांचा थर, आणि त्यावर कोणाचे पाऊल उमटलेले नाही, ना दरीकडे, ना डोंगराकडे. आणि आत गाडी पीं पीं ओरडत होती. पुढच्या सीटवर टोपी, आणि पट्टा सुटा.

मग शोध झाला. घाटाखालचे लोक आले, पोलीस आले, दोर सोडले, दरी हुडकली, आणि संध्याकाळपर्यंत काही गावले नाही, चप्पलही नाही. काका कठड्यावर बसून पोरासारखे रडले. मग आक्काच पुढच्या सीटवरच्या टोपीकडे बोट करून म्हणाल्या, "चल, ह्याला घरी सोडायचं हाय." सगळा रस्ता ती गाडी ओरडत राहिली, कारण हात पुढे करून पट्टा लावायची कोणाची छाती झाली नाही. आणि गावच्या वेशीत, जुन्या थांब्यापाशी, काकांनी न सांगता गाडी हळू केली, आणि आवाज आपोआप बंद झाला. आक्का म्हणाल्या, "उतरला."

पुढचे वर्तमान थोडके. बायका अजून कुरडयांचे विचारायला येतात आणि अंगणात उभ्या राहून परत जातात. काकांच्या गाडीत पुढच्या सीटवर कोणी बसत नाही, काकीसाहेबसुद्धा नाही, आणि त्या गाडीने काका घाट चढत नाहीत. वर्ष उलटले, आणि आज पुन्हा वैशाखात काकांच्या मुलीचा साखरपुडा, म्हणून भाड्याची गाडी पाठवतो म्हणाले. आक्कांनी फोनवर सांगितले, "मी लाल गाडीनंच येणार." आणि पेटीतून टोपी काढून आमच्या हातात दिली. आम्ही म्हणालो, "काकांना दे की, थोरले ते." तर म्हणाल्या, "त्याला गर्दीत घुसाय येत नाय. आणि कोणी उचल म्हणलं तर तो उचलून दील. त्याला भांडण येतं कुठं? तू बरा हायस."

एकूण इतकेच, की एक भाऊ खाली आला आणि एक वर राहिला, आणि राज्य म्हणावे तर एका जागेचे, आणि ती धरायची पाळी आता आमची. थांब्यावर बसून हे लिहिले. माणसे बहुत जमली आहेत. वारा आत्ताच पडला. गाडी वळणावर दिसते आहे, आणि आक्का म्हणतात, "लिवत काय बसलास, पळ! आबा काय पोरगं हाय का टपावर बसाय?" टोपी टाकायची आहे. निघतो.