तुलनेचा डोंगर

जे आपोआप घडते त्याचे श्रेय घेण्यास धैर्य लागते. आणि असे धैर्य एकट्यादुकट्याला पेलत नाही, त्यासाठी खाते असावे लागते. हिमवृद्धी खात्याने ते अनेक हिवाळे निष्ठेने दाखवले. चांदीच्या क्षाराची धुरी ढगांना द्यावी, त्या कणांभोवती हिम धरावे आणि डोंगरावर उतरावे, अशी ती थोर योजना. तिच्यात वैगुण्य एकच होते : बर्फ योजनेच्या आधीही पडत असे.

या वैगुण्याच्या निरसनार्थ मूल्यमापकांची नेमणूक झाली. (तात्पुरती. अहवाल समाधानकारक आल्यास कायम.) गृहस्थ विद्वान आणि पापभीरू, हे दोन्ही गुण एकाच पोटाला परवडत नाहीत, हेही जाणणारे. त्यांची पद्धती शास्त्रशुद्ध होती. शेजारचे दोन डोंगर निवडावेत. थोरल्यावरच्या ढगांत क्षाराची पेरणी करावी, धाकट्याला तुलनेसाठी कोरडा ठेवावा. थोरल्याच्या खांद्यावर धुरीचा बंब बसला आणि त्याच्या सेवेत मूल्यमापकांच्या पत्नीचा भाऊ रुजू झाला. (गुणवत्तेनुसार. अर्ज एकच होता.)

हिवाळा सरल्यावर मोजणी झाली. थोरल्यावर नेहमीपेक्षा बारा टक्के अधिक बर्फ. खात्यात आनंदीआनंद. मग धाकटा मोजला : चौदा टक्के. मूल्यमापकांच्या तोंडचे पाणी पळाले.

प्रमुखसाहेब मात्र अविचल. "वारा कुठून कुठे वाहतो हो?"

"थोरल्याकडून धाकट्याकडे, साहेब."

"मग झालं तर! आपलंच बी तिकडे उडालं. बारा आणि चौदा, सव्वीस टक्के. लिहा."

"आणि धाकट्यावर कमी पडला असता तर?"

"तर मग शंकाच कुठे होती?"

येणेप्रमाणे सिद्धान्त स्थिर झाला. थोरल्यावर अधिक पडल्यास ते पेरणीचे यश. धाकट्यावर अधिक पडल्यास पेरणीचे औदार्य. दोहोंवर कमी पडल्यास, पेरणीवाचून याहूनही कमी पडला असता. (चौथी शक्यता समितीपुढे आली नाही.)

परंतु त्याच आठवड्यात बंब उतरवायला गेलेल्या चौघांना त्याची क्षाराच्या द्रावाची टाकी हलेना. हिवाळाभर जळून ती रिकामी व्हायची, ती काठोकाठ भरलेली! फवाऱ्याकडे जाणारी नळी पहिल्याच गारठ्यात गोठून बुजली होती. सबंध हिवाळा थोरल्यावर नुसती गॅसची ज्योत जळत होती. क्षाराचा एक कण ढगाला शिवला नव्हता.

मूल्यमापकांनी मेहुण्याला कोपऱ्यात घेतले. "अरे, टाकी भरलेली आहे, हे दिसलं नाही तुला?"

"दिसलं की, दाजी. म्हटलं, काय बरकत आहे!"

"बरकत कसली? काहीच बाहेर जात नव्हतं!"

"पण बर्फ पडत होता ना? मी बटण दाबायचो, आज नाही तर उद्या पडायचाच. बटण दाबणं थांबवून बघायची जोखीम कोण घेणार? आणि ताईला सांगून बसलोय मी, दाजी यंदा कायम होणार म्हणून."

मूल्यमापक लेखणी घेऊन बसले. सत्य एका ओळीचे होते. संसार बराच लांब होता. सत्य सांगावे, पण ऐकणाऱ्याला गोड लागेल असे सांगावे, ही वडीलधाऱ्यांची शिकवण त्यांना स्मरली आणि त्यांनी लिहिले : "क्षाराचा कणही न वापरता सव्वीस टक्के वृद्धी झाली. वापरल्यास किती होईल, याची कल्पनाही करवत नाही."

खात्याला तिप्पट बंब मंजूर झाले. मूल्यमापक कायम झाले.

"अहवालाने तारलं," ते घरी म्हणाले.

"अहो, पण यंदा तर सरसकट सगळेच कायम झालेत," पत्नी म्हणाली. "तुमच्या शेजारच्या टेबलावरचे, ते दुपारी घोरणारे, तेसुद्धा. हुकूम म्हणे बर्फ पडायच्या आधीच निघाला होता."

मूल्यमापक शांतपणे म्हणाले, "माझ्या अहवालाचा वारा त्यांनाही लागला असणार."

येथे वाचकांना हसू आले असल्यास ते उचितच आहे. फक्त हसून झाल्यावर, आपली मुले आपल्याच संस्कारांमुळे शहाणी निघाली असे चारचौघांत सांगण्यापूर्वी, शेजाऱ्यांच्या मुलांकडे एकदा पाहून घ्यावे. (तीही शहाणी निघाली असतील, तर वारा आपल्याकडून तिकडे वाहत असावा.)