आधी भोक, मग ओळख

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तिच्या सासरकडून आलेल्या चांदीच्या नारळाला आमच्या साडूंनी भोक पाडलं.

चोरून नव्हे, चारचौघांत. ताट हातोहात फिरत त्यांच्यापर्यंत आलं. त्यांनी नारळ उचलला, कानाशी नेऊन हलवला, नखानं वाजवून पाहिला. मग सदऱ्याच्या खिशातून बोटभर लांबीचा पोलादी पंच काढला, नारळ मांडीत धरला आणि पाण्याच्या तांब्याच्या बुडानं ठक्‌ करून एकच घाव घातला.

व्याही उठून उभेच राहिले. "अहो, हे काय केलंत?"

"पोकळ हाय," साडू शांतपणे म्हणाले. "आन् चौबाजूनं बंद. आत काय हाय तुमाला म्हाईत हुतं का?"

"आत काय असणार? हवा!"

"तीच तर वंगाळ."

मुलीचा बाप म्हणून काहीतरी बोलणं मला भाग होतं. मी शाळेत भूगोल शिकवतो; ऐनवेळी तोंडातून शब्द फुटण्याबद्दल माझी ख्याती नाही. पण त्या दिवशी फुटला. "आमच्याकडे तशी पद्धतच आहे," मी म्हणालो. "शुभकार्यात बंद वस्तू चालत नाही." व्याही बिचारे सज्जन. लग्नात त्यांनी दुसरा नारळ आणला, तो सोनाराकडून आधीच भोक पाडून. "तुमच्या पद्धतीप्रमाणे," असं वर अदबीनं म्हणाले. आता त्यांच्या भावकीतही ही पद्धत सुरू झाल्याचं ऐकतो.

तर हे आमचे साडू, सोपानराव. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पुणतांब्याचे, हयात गेली नगरच्या एमआयडीसीत. राहतात केडगावातच, आमच्या दोन गल्ल्या पलीकडे. बायकोला माझी त्यांच्याशी तुलना करायची झाली तर लांब जावं लागत नाही.

त्यांची नोकरी समजावून सांगणं अवघड आहे. मला समजायलाच काही वर्षं गेली. एमआयडीसीतले कारखाने रोज टाकाऊ लोखंड बाहेर टाकतात. गाड्यांचे फसलेले सुटे भाग, तुकडे, नळ्या, आणि सर्वांत जास्त म्हणजे शॉकअप. मोटारसायकलला मागच्या चाकाशी बसतात ते, पोटात तेल भरलेले. हे सगळं सोपानरावांच्या कारखान्यात येतं आणि भट्टीत वितळून पुन्हा पोलाद होतं. पूर्वी या सगळ्याला एकच नाव होतं, भंगार. आता कायदा आला. पोटात तेल आहे तोवर ती वस्तू म्हणजे घातक कचरा. तिला वितळवायचंही नाही, विकायचंही नाही. भोक पाडून तेल निथळवलं, तपासलं, की तीच वस्तू माल. मग खुशाल भट्टीत टाका.

कारखान्याच्या आवारात त्यासाठी जमिनीवर एक पांढरी रेघ मारलेली होती. अलीकडे कचरा, पलीकडे माल. आणि रेघेवर सोपानराव. प्रत्येक बंद वस्तूला भोक पाडायचं, तेल काढायचं, आणि भोकाशेजारी अंगठ्यानं पिवळ्या ऑइलपेंटचा टिळा लावायचा. टिळा लागला की कचऱ्याचा माल झाला. भोक बारीक असतं, लांबून दिसत नाही. टिळा दिसतो. त्यांचा उजवा अंगठा त्यामुळे बारा महिने पिवळा. लग्नकार्यात लोक विचारायचे, "काय सोपानराव, हळदीहून आलात वाटतं?"

"रोजचीच हळद हाय आमची," ते म्हणायचे. "लगीन तेवढं लोखंडाचं."

त्यांचं ब्रीदवाक्य एकच: आधी भोक, मग ओळख. ते वस्तूंपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. माणसंही ते रेघेच्या अलीकडे नि पलीकडे लावायचे. एखादा नातेवाईक गोड बोलून गेला की म्हणायचे, "अजून अलीकडंच हाय त्यो. आत काय हाय कुनाला म्हाईत." मी मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी थोरल्या जावयाचं मत विचारलं. मी डोक्याला चापून तेल लावून गेलो होतो आणि बोलतही तसाच होतो. सोपानरावांनी मला नीट न्याहाळलं आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "माल बरा हाय. पन तेल लई हाय. निथळू द्या."

सहा महिने निथळवून मग लग्न लावलं. बायको म्हणते, घाई झाली.

देवाधर्मात त्यांना रस नाही. पण शनिशिंगणापूरला मात्र ते दरवर्षी आम्हाला नेतात. घरांना दारं नाहीत हे ऐकल्यापासून त्या गावावर त्यांची भक्ती जडली. "समद्या जिल्ह्यात येकच गाव शानं," म्हणतात. गेल्या खेपेला तिथं कुणा नव्या घराला त्यांनी सरकता दरवाजा पाहिला आणि परतीच्या वाटेवर घोडेगाव मागं पडेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

या सगळ्याला आम्ही हसत आलो. फक्त त्यांच्या घरात कुकर नाही, याला कुणी हसत नाही. मेव्हणीबाई अजून पातेल्यात डाळ शिजवतात. सोपानरावांना शिट्टी सहन होत नाही. शेजारच्या घरात झाली तरी ते अंगणात जाऊन उभे राहतात.

कारण एकदाच त्यांनी सांगितलं होतं. विशीत होते तेव्हाचं. पहिल्याच कारखान्यात दोन्ही तोंडं चेपलेली एक नळी भट्टीत पडली. आत पाणी होतं. भट्टीच्या तोंडाशी त्यांचा उस्ताद उभा होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आमी भिंत धुतली," ते म्हणाले. "मी आन् लतीफ."

लतीफभाई म्हणजे त्यांचा जिगरी दोस्त. दोघं एकाच आठवड्यात त्या कारखान्यात लागले, एकाच दिवशी तिथून निघाले आणि या कारखान्यात आले. लतीफभाई भट्टीवर, सोपानराव रेघेवर. ही वाटणी त्यांनी आपसातच केली होती. लतीफभाईंना आगीची भीती नव्हती, आणि सोपानरावांनी भट्टीकडं पाठ करून बसायचं ठरवलं होतं. दुपारी दोघं एका जागी जेवायचे आणि सगळा वेळ भांडायचे.

"या येड्यामुळं माझी भट्टी उपाशी बसते," लतीफभाई मला सांगायचे. "एकेक नग असा तपासतो, जसा जावई बघतोय."

"जावई फुटला तर पोरगी माघारी येती. ह्ये फुटलं तर कोन येतं?" सोपानराव.

"बघा, बघा! जेवताना असं बोलतो हा!"

पण लतीफभाईंचं एक होतं. भट्टीवरच्या माणसानं तोंडावर जाड काचेचा मुखवटा लावायचा असतो. तो जड, आत घाम, काच धुरकटते. लतीफभाई तोंडाशी येणारा माल बघायचे, पिवळे टिळे दिसले की मुखवटा कपाळावर सरकवायचे. साहेब ओरडले तर म्हणायचे, "सोपानचा टिळा आहे. कशाला पाहिजे काच?" सोपानराव यावरून शिव्या घालायचे. पण घालता घालता त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी पाहिलेलं आहे. मला आयुष्यात तसं प्रशस्तिपत्र कुणी दिलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात प्रदूषण खात्याची तपासणी येणार असं कळलं. रेघेच्या अलीकडे शॉकअपचा डोंगर साचला होता. एवढा घातक कचरा आवारात सापडला असता तर कारखान्याचा परवाना अडचणीत. मॅनेजर सोपानरावांकडे आले. म्हणाले, "पलीकडे घ्या सगळा."

"घितो की. भोकं पाडून झाली की."

"तोवर तपासणी होऊन जाईल. आत्ता टिळे लावून घ्या, भोकं नंतर पाडा."

"सायेब, टिळा लावला की लतीफ काच वर करतो."

"मग त्याला सांगा, करू नको म्हणावं."

"त्याला सांगून झालं. तुमाला सांगतोय."

मॅनेजरनी त्यांना आठ दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं. वयाचा मान राखून, कपाळावर आठी न आणता. सोपानराव जाताना लतीफभाईंकडे गेले आणि म्हणाले, मी येस्तवर काच वर करायची न्हाई. लतीफभाई म्हणाले, "तू नाहीस तर टिळे तरी कुठून येणार? करतो कशाला."

पहिले दोन दिवस सोपानराव आमच्याकडे येऊन बसले. आमच्या घरातल्या बंद वस्तूंचं काय झालं ते सांगत नाही. बायकोचा सीलबंद अत्तराचा डबा, माझा थर्मास. हसण्यावारी नेलं आम्ही. "दाजी, माझ्या नवऱ्याचं डोकं राहिलंय फक्त," बायको म्हणाली. "त्ये पोकळ हाय, पन बंद न्हाई," ते म्हणाले. "दोनी कानांनी उघडं हाय."

तिसऱ्या दिवशी आम्ही चहा घेत होतो, तेव्हा त्यांचा फोन वाजला. लतीफभाईंच्या बेगम होत्या. सोपानरावांनी ऐकलं, फोन टीपॉयवर ठेवला आणि मला विचारलं, "तुमची गाडी चालू हाय का?"

भट्टीच्या तोंडाशी शॉकअप फुटला होता. लतीफभाई वाचले. एवढंच चांगलं. दोन्ही डोळे गेले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. छातीपासून कपाळापर्यंत पांढरं बँडेज, मधे तोंडाची फट.

चौकशीला सरकारी साहेब आले. त्यांनी सोपानरावांना बोलावलं. मी सोबत गेलो. भट्टीत न गेलेले शॉकअप अजून पलीकडे पडलेले होते, प्रत्येकावर पिवळा टिळा. सोपानरावांनी एक उचलला, उलटापालटा केला. भोक नव्हतं. दुसरा. नव्हतं. त्यांचा रंगाचा डबा रेघेवर तसाच उघडा होता. कुणाला तरी सांगितलं होतं, बुडव अंगठा आणि लावत सूट. कुणाला, ते कोणी सांगत नव्हतं.

"ह्यो अंगठा माजा न्हाई," सोपानराव साहेबांना म्हणाले. मॅनेजरसमोर म्हणाले. कोणी सांगितलं, केव्हा सांगितलं, आपण काय उत्तर दिलं, सगळं सांगितलं आणि खाली सही केली. मला वाटलं, झालं. खरं होतं ते नोंदवलं गेलं. एवढं तरी झालं.

तिथून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. लतीफभाई जागे होते. पावलांवरून ओळखलं.

"सोपान?"

"व्हय."

"एक सांग मला. खरं सांग." बोलताना त्यांना धाप लागत होती. "मी टिळे बघितले. मला वाटलं, तू आलास, रुसवा सोडून. म्हणून काच वर केली. हे लोक आता काहीबाही बोलतायत, टिळा दुसऱ्याचाच होता म्हणून. एवढी वर्षं तुझा टिळा बघतोय मी. माझ्या नजरेला कळायला पाहिजे होतं. मीच नीट बघितलं नाही. माझ्याच डोळ्यांनी..."

सोपानराव पलंगाच्या कठड्याला धरून उभे होते.

"माजाच हुता," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं.

"तू तर सुट्टीवर..." लतीफभाई म्हणाले.

"सकाळी यिऊन गेल्तो. सायबानं घाई केली. टिळं लावलं, भोकं ऱ्हायली. तू नीट बघितलंस. तुजं डोळं चुकलं न्हाई. मी चुकलो."

बेगम स्टुलावर बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडात धरला. त्यांना खरं ठाऊक होतं.

"जा तू," लतीफभाई म्हणाले. "परत येऊ नको इथं."

बाहेर व्हरांड्यात आलो तसा मी तापलो. म्हणजे माझ्या परीनं. "हे काय केलंत? तासाभरापूर्वी साहेबांना खरं सांगितलंत, आणि इथं? तुमच्या अंगाला ज्याचा डाग नाही ते..."

"सायबाला खरं पायजे हुतं. दिलं त्याला," ते म्हणाले. "ह्याचं डोळं गेलं. आता वर त्या डोळ्यांलाच बोल लावत पडून ऱ्हायचं का त्यानं? त्यापरीस मला शिव्या दिऊ दे."

"उद्या त्यांना कळेलच की."

"कळंल तवा कळंल. तवर जखम भरंल."

लतीफभाई दवाखान्यात होते तोवर सोपानराव रोज संध्याकाळी जायचे. आत नाही. वॉर्डाच्या दाराबाहेर, भिंतीला टेकून, चप्पल काढून, आवाज होऊ नये म्हणून. बेगम बाहेर येऊन हळूच सांगायच्या, आज पेज घेतली, आज ताप नाही. मी दोनचारदा सोबत गेलो. मला घरी काम नसतं, असं बायको म्हणते.

एका संध्याकाळी लतीफभाईंना भेटायला भट्टीवरचे दोघेतिघे आले होते. सोपानरावांचं नाव निघालं असावं. आतून लतीफभाईंचा आवाज एकदम चढला. बेइमान, म्हणाले. जन्मभर माझ्या डब्यात जेवला, म्हणाले. मग पुणतांब्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार सुरू झाला, आणि तो नगरी उर्दूत, त्यामुळे बराच लांबला. एक नर्स धावत आत गेली.

मी सोपानरावांचा दंड धरला. "चला, जाऊ."

ते हलले नाहीत. डोकं भिंतीला टेकून, मान जराशी दाराकडं कलती करून ऐकत राहिले. परवापर्यंत आतल्या माणसाला एक वाक्य पुरं करताना धाप लागत होती.

"आवाजाला जोर आलाय आज," ते म्हणाले.