शेषरावभाऊंची लस

आमच्या शेषरावभाऊंच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि बालाघाटच्या बाजारात सगळ्यात जास्त अंडी तेच घेत. वर अंडेवाल्याला बजावत, "माह्यासाठी नाही गा, जंतूंसाठी!"

भाऊ सरकारी दवाखान्यात सूक्ष्मदर्शकावर बसत. मी तिथलाच कारकून, आणि आमची घरं भिंतीला भिंत लागून. साठ-बासष्टचा तो काळ. लोक शौचाचा नमुना काडेपेटीत घालून आणत. एकदा मी भाऊंच्या टेबलावरची काडेपेटी उचलून बिडी पेटवायला गेलो.

"उघडू नोको! तो लालबर्र्याचा पाटील हाय!"

माझी बिडी त्या दिवशी सुटली.

दर पावसाळ्यात वैनगंगेचं गढूळ पाणी पिऊन माणसं आवेनं हैराण होत. औषधानं बरी होत आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रांगेत हजर. "देवीची लस हाय, मंग आवेची काहून नाही?" हे भाऊंच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. ड्यूटी संपली की हा एकटा जीव स्वयंपाकघरात अंड्याच्या बलकावर आवेचे जंतू वाढवी, ते गरम पाण्यात मारी आणि त्यांची लस करी. डॉक्टरसाहेब हसायचे. भाऊ म्हणायचे, "हौ, हसा."

मग दोन ससे आले. धाकट्याला लस टोचायची, थोरल्याला नाही. नंतर दोघांना जिवंत जंतू पाजायचे आणि पोट फाडून आतडी पाहायची. धाकट्याला लस टोचून झाली, पण पुढचं काही होईना. एका रविवारी एकादशी निघाली. दुसऱ्या रविवारी थोरल्याला शिंका. तिसऱ्या रविवारी, "थंडी पडून राह्यली गा, आता कुठं!" तोवर ससे भाऊंच्या अंथरुणात झोपायला लागले होते.

"भाऊ, तुमच्यानं हे व्हायचं नाही," मी एकदा चिडून म्हणालो.

"झालं ना! महिन्याआधीच मी लस टोचून घेतली होती, आज जंतू पेलो," भाऊ शांतपणे म्हणाले. "सशाले काही सांगता येत नाही, म्हून त्याले फाडा लागते. मले तं बोलता येते!"

मी कपाळाला हात लावला.

दहा दिवस भाऊ ठणठणीत. डॉक्टरसाहेबांचं हसणं कमी झालं. मी तर पेपरात काय छापून आणायचं तेही ठरवून ठेवलं. अकराव्या दिवशी सकाळपासून भिंतीपलीकडे लोटा वाजू लागला, तो दुपारपर्यंत वाजतच राहिला.

मी गेलो. डॉक्टरसाहेब नुकतेच इंजेक्शन देऊन गेले होते. भाऊ खाटेवर मुटकुळं करून पडलेले, उशाशी दवाखान्यातून आणलेला सूक्ष्मदर्शक, पायाशी दोन्ही ससे.

"पाह्यले मी. जंतू हायेत, चांगले धष्टपुष्ट. लस फेल."

दोन वर्षांची मेहनत! मला फार वाईट वाटलं. भाऊंच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं. धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "याले कापला असता, तरी हेच निघालं असतं ना गा?"

मग जरा ओशाळले. "दोघायले सकाळपासून काही भेटलं नाही. मले उठवत नाही. पालक आणतं का?"

मी दाराबाहेर पडलो, तर मागून बारीक आवाज आला, "धुऊन देजो त्यायले. उकळलेल्या पाण्यानं!"