राजय्यामामांचं अर्धं मडकं

राजय्यामामांनी चित्रकलेच्या वर्गात काढलेलं पहिलं मडकं अर्धं होतं. फुटकं नव्हे, अर्धं. डावीकडचा काठ, डावीकडचा गळा, डावीकडचं पोट आणि मग सरळ उभी रेघ. त्यापुढे कोरा कागद. मामांनी पेन्सिल कानावर ठेवली, मांडी बदलली आणि जाहीर केलं, "झालं."

देशमाने सर पाठीमागे येऊन उभे राहिले. "आणि उरलेलं?"

"उरलेलं मागावर हुतंय की!"

मामा तीस वर्षं चादरींच्या कारखान्यात नक्षी काढत होते. मोर असो की कमळ, ग्राफच्या कागदावर त्याचं डावं अंग काढायचं, बारीक घरं रंगवायची. उजवं अंग माग आपसूक उलटं करून विणतो. सोलापुरातल्या कितीतरी घरांत लोक मामांच्या मोरांवर झोपत होते, आणि त्यातला एकही मोर मामांनी अख्खा काढलेला नव्हता.

हा वर्ग दर रविवारी सकाळी एका सायकलच्या दुकानावरच्या माडीवर भरायचा. शाळेची सात-आठ मुलं ग्रेड परीक्षेच्या तयारीला यायची. मोठी माणसं दोनच, मामा आणि मी. मी एका वकिलांकडे टायपिस्ट होतो. अक्षर चांगलं म्हणजे चित्रही चांगलं येणार, असा माझा समज होता. तो सरांनी दुसऱ्याच रविवारी दूर केला. मामा मला 'वकीलसाब' म्हणत. मी नुसता टाइप करतो हे मी शंभरदा सांगितलं असेल. "तेच की वकीलसाब," म्हणून ते मोकळे व्हायचे.

मामा छंद म्हणून आले नव्हते. पहिल्याच दिवशी त्यांनी सरांना सांगितलं, "मला एक तोंड काढायचंय. एकच. दिवाळीच्या आत." तोंड त्यांच्या मुलाचं, श्रीनिवासचं. चार वर्षांपूर्वी बापाशी भांडून तो घरातून गेला. भिवंडीला कुठल्याशा मागावर आहे, एवढंच कुणाकडून तरी कळलं होतं. पत्र नाही, निरोप नाही. घरात त्याचा फोटो नव्हता. एका लग्नातल्या फोटोत होता, पण नेमका हलला होता. दिवाळीला कारखाना बंद असतो. तेव्हा भिवंडीला जायचं, मागांच्या एकेका शेडमध्ये फिरायचं आणि चित्र दाखवून विचारायचं, "ह्याला बगितलं का?" असा मामांचा बेत होता. बायकोला काही विचारायची सोय नव्हती. मुलाचं नाव निघालं की ती माउली ताटावरून उठायची.

सर म्हणाले, "तोंड दोन वर्षांनी. आधी रेघ, मग मडकं, मग उजेड आणि सावली."

"दोन वर्सं? अय्यो!" मामा म्हणाले, आणि मुकाट्याने मडक्यासमोर बसले.

शिकणं मात्र त्यांनी मनावर घेतलं. केळं काढायला दिलं तर विचारायचे, "किती घरांचं काढू?" हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीने माप घ्यायचं, हे सरांनी शिकवलं. त्या आठवड्यात मामांनी सोलापूरभर मापं घेतली. भाजी मंडईत मी बरोबर असताना एक डोळा मिटून, पेन्सिल रोखून ते एका बाईसमोर पाच मिनिटं उभे राहिले. ते तिच्या टोपलीतल्या भोपळ्याचं माप घेत होते, हे तिला पटवताना माझ्या नाकी नऊ आले.

रंगांची तर वेगळीच तऱ्हा. पहिलं रंगीत चित्र पूर्ण झालं, लाल टोमॅटो आणि हिरवी मिरची. सरांनी मान डोलावली. मामा उठले, कोपऱ्यातल्या बादलीपाशी गेले आणि चित्र पाण्यात बुडवून खसाखसा चोळलं. मुलं किंचाळली. मामांनी लगदा उजेडात धरला आणि खेदाने म्हणाले, "सर, रंग कच्चा हाय. गिऱ्हाईक परत आणून देतंय."

सर दोन्ही हात कपाळाला लावून खाली चहा प्यायला गेले.

पण अर्धं मडकं काही सुटेना. शेवटी सरांनी मामांचा हात धरून मडक्यावरून फिरवला. "इकडं खिडकी आहे. इकडं ऊन आहे. तिकडं आहे का? मग दोन्ही बाजू सारख्या कशा?" मामा मडक्याभोवती बसल्या बसल्या सरकत फिरले. बराच वेळ फिरले. मग म्हणाले, "तीस वर्सं कुणी सांगितलंच न्हाई हो." त्या दिवशी त्यांनी अख्खं मडकं काढलं. उजवी बाजू जरा सुजलेली होती, पण होती.

त्यानंतर सरांनीच हट्ट सोडला. दोन वर्षांचा अभ्यास चार महिन्यांत बसवला. डोळे, नाक, कान, एकेक करून घोटून घेतले. दिवाळीच्या दोन आठवडे आधी मामांनी तोंड काढलं. सर वाकून बघत म्हणाले, "बरं आलंय." सरांच्या तोंडून एवढं ऐकायला मुलं वर्षं घालवायची. मामा लाजले.

मीही पाहिलं. फुगरे गाल, पुढच्या दातांत फट, तेल लावून चापून बसवलेले केस. जिवंत चेहरा होता. मी सहज विचारलं, "मामा, घर सोडलं तेव्हा किती वर्षांचा होता?"

"बावीस."

"हा तर सात-आठ वर्षांचा दिसतोय."

मामांनी चित्र हातात घेतलं. जवळ धरलं, लांब धरलं.

"व्हय की," ते हळूच म्हणाले. "आठ वर्साचा हुता तवा कारखान्यात येऊन माज्याजवळ बसायचा. घरं मोजायचा माज्यासंगं. तवा बगितलं हुतं त्याला. मग काम वाडलं. मी घरी यायचो तर तो झोपलेला. मोठा झाला तर भांडायलाच लागला. अन् भांडताना मी खालीच बगायचो." त्यांनी चित्र मांडीवर पालथं ठेवलं. "नंतरचं तोंड मला ठावंच न्हाई, वकीलसाब. भिवंडीत कुणाला काय दाकवू?"

मला फार वाईट वाटलं. आपण विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

"तुमी किती वर्साचे?"

"तेवीस."

"मग बसा की जरा हितं, उजेडात. त्या वयाचं पोरगं कसं दिसतं, ते तरी बगून घेतो."

मी खिडकीपाशी बसलो. मामांनी नवा कागद लावला, पण पेन्सिल उचललीच नाही. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. माझी मान अवघडली, नाकाला खाज सुटली, पण मी हललो नाही.