चौथ्या पानावरचे काका

बाइंडिंगवाल्या काकांना स्वतःचा जन्मदाखला हवा होता. दाखल्याशिवाय पासपोर्ट नाही आणि पासपोर्टशिवाय परदेशात बाळंत होणारी लेक नाही. लेकीला आई नव्हती. "बाबा, काहीही करा, पण तुम्ही या," असं तिने बजावलं होतं.

नोंदणी कार्यालयातली नवी शोधप्रणाली मनाने फार मोठी होती. काना, मात्रा, वेलांटी असल्या किरकोळ गोष्टींत ती अडकत नसे. काकांच्या नावावर एक अनुस्वार होता. तिने तो धुळीसारखा झटकला आणि पानाला दहा अशी त्रेचाळीस माणसं काढून दिली.

"यातले तुम्ही कितवे?" खिडकीवरच्या बाईंनी विचारलं.

"एकतिसावा. जन्मतारीख जुळतेय बघा."

"तारीख बघायचा नियम नाही."

"मग अनुस्वारासकट शोधा की!"

"शोधलं असतं. पण जुन्या वहीतून उतरवताना सगळे अनुस्वार गळलेत. तसं शोधलं तर शून्य माणसं येतात. म्हणजे तुम्ही जन्मलाच नाहीत. करू?"

"नको, नको!" काका घाईघाईने म्हणाले.

उपाय होता. उरलेल्या बेचाळीस जणांची 'ना हरकत' आणायची. काकांनी दुकानाला कुलूप ठोकलं आणि तीन आठवडे पायपीट करून बेचाळीसच्या बेचाळीस जमवले. एक वारले होते, त्यांच्या पत्नी फोटो घेऊन आल्या. सगळ्यांनी आनंदाने सह्या केल्या. माणसं अजून चांगली आहेत, अडचण एवढीच की ती खिडकीच्या बाहेर असतात.

साहेबांनी सह्या पाहिल्या आणि ते गंभीर झाले. "हरकत कुणाचीच नाही, हे उत्तम. पण प्रणालीने एवढा विचार करून ज्यांना पहिलं ठेवलं, त्यांना डावलायचं कसं?"

पहिले होते एक दाताचे डॉक्टर. "अहो, मी दाखला मागितलाच नाही!"

"म्हणूनच तुमच्याबद्दल संशयाला जागा नाही," साहेब म्हणाले.

दाखला डॉक्टरांना मिळाला. दाखल्यामागे पासपोर्ट गेला, पासपोर्टमागे व्हिसा. लेकीने पाठवलेलं तिकीटही कागदपत्रं बघून त्यांच्याच नावावर फिरलं. डॉक्टर भिडस्त, एवढ्या सरकारी आग्रहाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं आणि ते गेले.

महिन्याने लेकीचा फोन आला. "बाबा, मुलगी झाली. माणूस चांगलाय हो, बाळाला छान खेळवतो. इथे कागदावर तेच आजोबा आहेत." मग ती रडायलाच लागली. "पण मला तुम्ही हवे होतात." काकांनी फोन ठेवला आणि दुकानात बसून पोटभर रडून घेतलं.

तुम्हाला साहेबांचा राग आला असेल. चार पानं उलटायला काय हात दुखत होते, असंही वाटलं असेल. चौथ्या पानावर काका अगदी वर, पहिलेच होते. आता खरं सांगा, काहीही शोधताना तुम्ही स्वतः चौथं पान शेवटचं कधी उघडलं होतं?